सर्वांत जड चाक कोणते? ट्रॅव्हल ट्रेलरचे टायर आणि ओढण्याचा वेग

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲरिझोनातल्या चँडलर इथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने दोन ॲक्सलचा (ॲक्सल म्हणजे दोन बाजूंची चाके जोडणारा आडवा दांडा), आधी वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, विकत घेतला आहे. ट्रेलरवरच्या माहितीपट्टीनुसार त्याचे भरलेले वजन जास्तीत जास्त ७,६०० पौंड असू शकते आणि प्रत्येक ॲक्सलची क्षमता ३,५०० पौंड आहे. टायर एसटी २०५/७५ आर १५ मापाचे, लोड रेंज (टायरच्या भार पेलण्याच्या ताकदीची श्रेणी) सी आहेत. नक्षी जवळजवळ नवी दिसते, पण तारखेचे आकडे १७१८ आहेत. जुलैमध्ये आय-८ महामार्गाने सॅन डिएगोला जायचे आहे. ट्रक स्टॉपच्या काट्यावर सामानासह ट्रेलरचे वजन ७,४२० पौंड भरले, त्यातले ९०० पौंड हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या कडीवर आहेत. एका मित्राचे म्हणणे असे की हवा १० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) जास्त भरावी आणि ॲरिझोनाच्या मर्यादेइतक्या, म्हणजे ताशी ७५ मैल वेगाने खुशाल जावे. हे टायर चालतील का, नसल्यास कोणते घ्यावेत आणि वेग किती ठेवावा?

आधी स्पष्ट उत्तर देतो. या टायरांवर हा प्रवास करू नका. त्याच मापाचे, परंतु लोड रेंज डीचे नवे टायर घ्या, स्पेअरसकट पाचही एकाच वेळी बदला, आणि ॲरिझोनात वेग ताशी ६० ते ६२ मैलांच्या वर नेऊ नका. मी बावीस वर्षे ट्रेलरचे ॲक्सल, ब्रेक आणि चाके यांचे काम करतो आहे आणि त्यातली बहुतेक वर्षे याच वाळवंटात गेली आहेत. त्यामुळे हे उत्तर केवळ तक्त्यांवरून दिलेले नाही. तरीही त्यामागचा हिशेब तुम्हाला स्वतः करता यावा, म्हणून तो सविस्तर मांडतो.

ट्रेलरचा टायर बहुधा झिजून निकामी होत नाही, तो तापून आणि म्हातारा होऊन निकामी होतो. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो आणि पुढच्या क्षणी मोकळा होतो; या सततच्या दबण्या-फुगण्यातून रबरात आणि आतल्या धाग्यांत उष्णता तयार होते. वजन वाढले की टायर जास्त दबतो, हवा कमी असली तरी जास्त दबतो, आणि वेग वाढला की तेच दबणे मिनिटाला अधिक वेळा होते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तयार होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होते आणि नक्षीचा थर आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटू लागतो. महामार्गाच्या कडेला रबराच्या लांब काळ्या पट्ट्या पडलेल्या दिसतात, त्यांतल्या अनेक अशाच सुटलेल्या असतात. शिवाय टायर नियमित फिरत राहिला तर रबरात मिसळलेले संरक्षक मेण पृष्ठभागावर येत राहते; वर्षातले अकरा महिने उन्हात एकाच जागी उभ्या असलेल्या ट्रेलरच्या टायरला हा लाभ मिळत नाही. म्हणून नक्षी नवी दिसते यावर विसंबू नये.

१७१८ या आकड्यांचा अर्थ २०१८ सालचा सतरावा आठवडा असा होतो. म्हणजे तुमचे टायर सात वर्षांहून जुने आहेत. ट्रेलरच्या टायरचे उपयुक्त आयुष्य मी पाच वर्षे धरतो, सहाव्या वर्षी ते बदलतोच, आणि ॲरिझोनात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या ट्रेलरच्या बाबतीत या नियमाला अपवाद करत नाही. हे चार आकडे अनेकदा टायरच्या आतल्या बाजूला असतात, त्यामुळे ते पाहण्यासाठी ट्रेलरखाली वाकावे लागते. तुम्ही ते शोधून वाचलेत, हे फार चांगले केलेत.

आता वजनाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथेच होतो. एसटी म्हटले की आपल्याला महामंडळाची बस आठवते. इथे ही अक्षरे केवळ ट्रेलरसाठी बनवलेला टायर दर्शवतात. तुमच्या मापाच्या लोड रेंज सी टायरची क्षमता ५० पीएसआय दाबाला १,८२० पौंड आहे, म्हणजे चार टायर मिळून ७,२८० पौंड. तुमच्या ७,४२० पौंडांपैकी ९०० पौंड गाडी हिचवर पेलते, तेव्हा चाकांवर ६,५२० पौंड उरतात. वरवर पाहता क्षमतेच्या दहा टक्के राखीव आहे आणि सगळे ठीक वाटते. परंतु ही बेरीज चारही चाके सारखे वजन उचलतात असे गृहीत धरते, आणि तसे जवळजवळ कधीच नसते. फ्रिज, शेगडी, ओटा आणि बाहेर सरकणारा स्लाइड-आउट एकाच अंगाला असेल, तर दोन बाजूंत चारशे पौंडांचा फरक मी अनेकदा मोजला आहे. समजा तुमची डावी बाजू ३,४८० आणि उजवी ३,०४० पौंड आहे. डाव्या बाजूच्या दोन चाकांतही ट्रेलरचे नाक जरा खाली झुकलेले असले तर पुढचे चाक जास्त भार घेते. ते १,७९० पौंडांवर असेल, तर त्या टायरपाशी केवळ ३० पौंड शिल्लक आहेत. दहा टक्के राखीव कागदावरच राहते. प्रत्यक्षात फुटतो तो हाच एक टायर, आणि त्याला बाकीच्या तिघांकडे काय शिल्लक आहे याचा काही उपयोग नसतो.

म्हणून शक्य असेल तर प्रत्येक चाकाचे वजन वेगळे करून घ्या. ट्रक स्टॉपचा काटा सहसा ॲक्सलचे वजन देतो, चाकाचे नाही. काही ट्रेलर दुरुस्ती करणारे आणि मोठे मेळावे भरवणारे मात्र प्रत्येक चाकाखाली ठेवायचे सुटे काटे बाळगतात. तसे जमले नाही, तर सर्वांत जड चाकावर सरासरीपेक्षा किमान दहा टक्के जास्त भार आहे असे धरून चालावे. आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, ती तपासा: वजन केले तेव्हा पाण्याची टाकी भरलेली होती का? एक गॅलन पाणी ८.३४ पौंडांचे असते. चाळीस गॅलनची टाकी रिकामी असताना तुमचे वजन ७,४२० भरले असेल, तर टाकी भरल्यावर सुमारे ३३० पौंड वाढून ट्रेलर ७,६०० ची मर्यादा ओलांडेल. सॅन डिएगोच्या कॅम्पग्राउंडवर नळ मिळतो; वाटेपुरते पाणी घ्यावे आणि बाकीचे तिथे भरावे.

राखीव क्षमतेवर मी इतका भर का देतो, तेही सांगतो. अमेरिकेत मोटारींच्या रेडियल टायरांना १३९ क्रमांकाचे संघराज्य सुरक्षा मानक लागू आहे. २००० सालच्या कायद्यानंतर आलेल्या या मानकाने चाचण्या बऱ्याच कडक केल्या. ट्रेलरचे एसटी टायर त्यातून वगळलेले आहेत आणि त्यांना जुने ११९ क्रमांकाचे मानकच लागू होते. याचा अर्थ सगळे एसटी टायर वाईट असतात असा नाही, कित्येक उत्पादक गरजेपेक्षा चांगला माल देतात; पण कायद्याने हमी दिलेली किमान पातळी मोटारीच्या टायरपेक्षा खाली आहे, हे लक्षात ठेवून आपली राखीव क्षमता आपणच वाढवली पाहिजे. नव्या ट्रेलरच्या टायरांत दहा टक्के राखीव क्षमता असावी अशी अट या उद्योगाच्या संघटनेने २०१७ मध्ये घातली. तुमचा ट्रेलर त्याआधीचा असल्यास त्याला ती अटही लागू नव्हती. माझ्या कामात मी सर्वांत जड चाकावर पंधरा टक्के राखीव मागतो, आणि वाळवंटातल्या उन्हाळ्यासाठी वीस.

लोड रेंज सी म्हणजे जुन्या भाषेत सहा प्लायच्या (धाग्यांच्या थरांच्या) ताकदीचा टायर, डी म्हणजे आठ आणि ई म्हणजे दहा. एसटी २०५/७५ आर १५ डी टायरची क्षमता ६५ पीएसआयला २,१५० पौंड आहे. १,७९० पौंडांच्या चाकावर तो लावला तर ३६० पौंड शिल्लक राहतात, म्हणजे भाराच्या वीस टक्के. मापही तेच राहते, त्यामुळे चाकांच्या कमानीत किंवा दोन टायरांमधल्या जागेत काही घासण्याची भीती नाही. मात्र इथे एक चूक फार लोक करतात. डीचे टायर घेतात आणि ट्रेलरच्या जुन्या माहितीपट्टीवर ५० लिहिले आहे म्हणून ५० च भरतात. ५० पीएसआयला डी टायरही १,८२० पौंडच उचलतो, कारण भार मुख्यतः हवा पेलते आणि जास्त प्लायचा टायर फक्त ती जास्त हवा धरून ठेवू शकतो. तेव्हा डी घेतला तर हवा ६५ च्या आसपास भरावी लागेल, आणि त्यासाठी रिम तितक्या दाबाला आणि भाराला चालते का हे रिमवरच्या छापावरून तपासावे लागेल. बहुतेक वेळा हा छाप रिमच्या मागच्या अंगाला असतो. मोटारीला बसवतात तो साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. ६५ भरायचे म्हणजे त्याच्या अगदी काठावर उभे राहणे, म्हणून नव्या टायरबरोबर धातूचे किंवा जास्त दाबाचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. खर्च किरकोळ आहे. टायर बदलले म्हणून ॲक्सलची ३,५०० पौंडांची मर्यादा वाढत नाही, हेही सोबत सांगून ठेवतो.

पिकअपचे एलटी (लाइट ट्रक) टायर घालावेत का, असेही पुष्कळ जण विचारतात. सोळा इंची रिमच्या मोठ्या ट्रेलरवर तो विचार योग्य ठरू शकतो. पंधरा इंचांत मात्र एलटी २३५/७५ आर १५ सी हा टायर अंगाने मोठा असूनही १,९८५ पौंडच उचलतो, म्हणजे तुमच्या मापाच्या डी एसटीपेक्षा कमी. मोटारीचे साधे टायर तर नकोतच. २०५/७५ आर १५ मापाच्या मोटारीच्या टायरची क्षमता सुमारे १,६०० पौंड असते, आणि ट्रेलरवर लावताना ती नियमाने १.१० ने भागावी लागते, म्हणजे उरतात सुमारे १,४५० पौंड.

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे ट्रेलर किमान तीन तास उभा असताना आणि टायरांवर ऊन पडण्याआधी. चँडलरमध्ये जुलैत हे पहाटेच शक्य आहे. प्रवासात दाब दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतो. ते अपेक्षितच असते आणि टायरची रचना ते धरूनच केलेली असते, म्हणून वाटेत वाढलेला दाब पाहून हवा सोडू नका. जे सोडतात, ते संध्याकाळी थंड झालेल्या, कमी हवेच्या टायरवर दुसऱ्या दिवसाचा प्रवास सुरू करतात. उलट ऋतू बदलला की पुन्हा मोजा: ८५ अंश फॅरनहाइटला भरलेले ६५ पीएसआय हिवाळ्यातल्या ४५ अंशांच्या सकाळी ५९ च्या आसपास आलेले असतात, टायरला भोक नसतानाही.

आता वेग. भारक्षमतेच्या आकड्याशेजारी वेगाचे एक अक्षर असू शकते: जे म्हणजे ताशी ६२ मैल, के ६८, एल ७५, एम ८१ आणि एन ८७. पूर्वी बहुतेक एसटी टायरांवर असे अक्षर नसे, आणि अक्षर नसेल तर कमाल वेग ६५ मैल समजला जाई. अलीकडे एम आणि एन अक्षरांचे टायर सर्रास मिळतात. गुडइयरचा २०१७ पासूनचा एन्ड्युरन्स हा त्यांतला एक. नवे टायर घेताना असेच अक्षर पाहून घ्या, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. ते अक्षर योग्य दाब आणि मर्यादेतला भार असताना, ठरावीक वेळ, फिरत्या ड्रमवर दिलेल्या चाचणीचे आहे. त्या चाचणीत टायर नवा असतो आणि त्याला सात वर्षांचे ऊन लागलेले नसते. त्याने फुटपाथची कड चढलेली नसते आणि वळणावर तो आडवा घासटलेला नसतो. माझ्या दृष्टीने जास्त अक्षर म्हणजे ६२ मैलांना जास्त थंड राहणारा टायर. ते ८० ने जाण्याचा परवाना नव्हे.

तुमच्या मित्राने सांगितलेला १० पीएसआयचा नियम त्यांनी कल्पनेतून काढलेला नाही. काही उत्पादकांच्या जुन्या तक्त्यांत ६६ ते ७५ मैल वेगासाठी खरोखरच तशी सवलत होती. पण तिला अटी होत्या: भार वाढवायचा नाही, आणि वाढीव दाब रिमच्या आणि व्हॉल्व्हच्या मर्यादेत असला पाहिजे. जवळजवळ पूर्ण भाराखाली असलेल्या, सात वर्षांच्या टायरसाठी ती सवलत कोणीही लिहिलेली नाही. ज्या टायरचा विचार आपण इथे करतो आहोत, त्याला ती लावणे धोक्याचे आहे.

शिवाय टायरचा प्रश्न पूर्ण सुटला तरी ७५ चा वेग मी सुचवणार नाही. ६० वरून ७५ वर गेलात की थांबवायची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते, आणि ट्रेलरचे ड्रम ब्रेक मात्र तेच राहतात. वेगाबरोबर ट्रेलरची मागची बाजू डावी-उजवीकडे हेलकावू लागण्याची शक्यता वाढते. तुमचे हिचवरचे वजन बारा टक्के आहे आणि ते दहा ते पंधरा टक्क्यांच्या योग्य पट्ट्यात बसते. जड सामान मागे ढकलून ते कमी करू नका. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच ५५ मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे युमा सोडून कोलोरॅडो नदी ओलांडली की हा वाद संपतोच. जर्मनीत मोटार आणि ट्रेलरची सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. १०० ची परवानगी हवी असेल तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांहून कमी वयाचे आणि किमान एल अक्षराचे असावे लागतात. टायरचे वय आणि वेग यांची सांगड कायद्यातच घातलेली मला फार योग्य वाटते. आणि तुमच्या प्रवासात ७५ ने वाचते तरी काय? चँडलर ते युमा सुमारे १८० मैल आहे. ७५ आणि ६२ यांच्यात फरक पडतो अर्ध्या तासाचा.

काही वर्षांपूर्वी एका ऑगस्टमध्ये गिला बेंडच्या पश्चिमेला अडकलेल्या एका कुटुंबाच्या मदतीला मी गेलो होतो. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरची नक्षी सुटली होती आणि त्या फिरत्या पट्टीने कमानीतली फरशी, सांडपाण्याचा नळ आणि विजेच्या तारा फाडून टाकल्या होत्या. गॅसची नळी दोन बोटांच्या अंतराने वाचली होती. उन्हात उभी असलेली दोन मुले आणि त्यांची आजी मला अजून आठवतात. त्यांनी फुटलेला टायर बदलून पुढे निघायचे ठरवले होते. मी त्यांना थांबवले, कारण एक टायर फुटल्यापासून गाडी थांबेपर्यंत त्या बाजूचा जवळजवळ सगळा भार शेजारच्या टायरने उचललेला असतो. बाहेरून तो ठीक दिसतो, आतले धागे मात्र दुखावलेले असू शकतात. एका बाजूचा एक टायर असा गेला, तर त्याच बाजूचा दुसराही बदलायचा.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरला आणखी एक त्रास असतो. अरुंद वळणावर दोन्ही ॲक्सल एकाच केंद्राभोवती फिरू शकत नाहीत, त्यामुळे टायर आडवे ओढले जातात आणि त्यांचे आतले थर एकमेकांवर सरकतात. तापलेल्या डांबरावर, पेट्रोल पंपाच्या आवारात, ट्रेलर जागच्या जागी वळवणे शक्य तितके टाळा. एक फेरी जास्त मारावी लागली तरी चालेल.

एल सेंट्रोच्या परिसरात तुम्ही समुद्रसपाटीच्याही खाली असाल आणि ओकोटियोनंतर आय-८ घाट चढत पुढे ४,००० फुटांच्या वर जातो. चढताना उजव्या लेनमध्ये ४०-४५ ने जायला संकोच करू नका. त्या घाटात वारा फार जोरात वाहतो आणि त्याचे इशारे लागतात. इशारा लागलेला असेल तर एल सेंट्रोलाच थांबा. परतताना तोच उतार असेल, तेव्हा खालचा गिअर वरूनच टाका आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता अधूनमधून घट्ट दाबून सोडा, कारण तापलेला ड्रम आपली उष्णता रिमला आणि टायरलाही देतो. टायर फुटलाच तर एकदम ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि ट्रेलर हेलकावू लागला तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावण्याची जी कळ ब्रेक कंट्रोलरवर (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या, गाडीत बसवलेल्या यंत्रावर) असते ती वापरा. ती कळ कुठे आहे, हे निघण्याआधी गाडी चालवणाऱ्या दोघांनीही बोटांनी शोधून पाहावे.

मोटारीत टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे, ट्रेलरला नाही, म्हणून व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर वेगळे घ्या आणि थंड दाबाच्या दहा टक्के खाली इशारा मिळेल असे लावा. नवे टायर चढवल्यावर चाकांचे नट ॲक्सलच्या पुस्तिकेतल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरावीक जोराने) आवळा. अर्ध्या इंचाच्या स्टडसाठी तो साधारणपणे ९० ते १२० फूट-पौंड असतो. मग पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर ते पुन्हा तपासा. यासाठी ठरलेल्या दिवसाआधी एखाद्या शनिवारी ट्रेलर घेऊन पन्नास मैलांची फेरी मारून या. प्रवासाच्या दिवशी पहाटे पाचला निघालात तर गिला बेंडला पोहोचेपर्यंत ऊन तापलेले नसेल. तिथे थांबून चारही टायर आणि हब (चाकाचा मधला, बेअरिंग असलेला भाग) यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. चारही साधारण सारखे असतील तर पुढे निघा. एखादे चाक इतरांपेक्षा ठळकपणे गरम असेल, तर टायरचा दाब, बेअरिंग आणि अडकलेला ब्रेक या तिन्ही गोष्टी तिथेच पाहून घ्या, कारण तिथून पुढे युमापर्यंतच्या शंभराहून अधिक मैलांत मदत मिळण्याची ठिकाणे फार थोडी आहेत.